लहान गावाचा कारभार: माणसं किती, कारभारी कोण आणि अर्ज कुठे द्यायचा

बदली झाली, वडिलोपार्जित घर दुरुस्त करून राहायला आलात किंवा बाजारपेठेत गाळा घेतलात. कारण काहीही असो, पाच ते पंचवीस हजार वस्तीच्या गावात नव्याने आलेल्या माणसाची पहिली फरफट ठरलेली असते. तलाठ्याकडे जावं तर ‘ग्रामपंचायतीत विचारा’, ग्रामपंचायतीत जावं तर ‘हे भूमी अभिलेखचं काम’, आणि तिथे पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी. दर वेळी कुणी मुद्दाम छळत असतं असं नाही. बहुतेकदा दारच चुकलेलं असतं. कोणतं दार ठोठवायचं ते गावाला कोणती स्थानिक संस्था आहे यावर ठरतं, आणि संस्था कोणती हे बऱ्याच अंशी लोकसंख्येवर. म्हणून क्रम तसाच ठेवला आहे. सगळी माहिती महाराष्ट्रापुरती आहे. गोव्यात पंचायतींचा कायदा वेगळा, तिथे यातलं बरंच लागू पडणार नाही.

१. गावाला कोणती संस्था आहे ते आधी ठरवा

गाव दिसायला कसं आहे यावर जाऊ नका. दोन बँका, एक मॉल आणि चार मंगल कार्यालयं असलेल्या गावाला ग्रामपंचायत असू शकते. अकलूजची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चाळीस हजारांवर होती, तरी तिथे २०२१ पर्यंत ग्रामपंचायतच होती. उलट माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत आणि पन्हाळ्याची तीन हजारांच्या थोडी वर, तरी दोन्हीकडे नगरपरिषद आहे, कारण गिरिस्थानं म्हणून त्यांची नगरपालिका जुनीच.

सर्वसाधारण नियम असा. ग्रामपंचायत चालते १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने. नगरपंचायत आणि नगरपरिषद चालतात १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाने. खेड्यातून शहराकडे झुकलेल्या, साधारण १० ते २५ हजार वस्तीच्या गावाला नगरपंचायत मिळते. २५ हजारांच्या वर नगरपरिषद: ४० हजारांपर्यंत ‘क’ वर्ग, एक लाखापर्यंत ‘ब’, त्यापुढे ‘अ’. नुसती डोकी मोजून भागत नाही, शेतीबाहेर रोजगार करणाऱ्यांचं प्रमाणही पाहतात. शिवाय २०१४ पासून राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या सरसकट नगरपंचायती करायला घेतल्या. त्यामुळे तालुक्याचं गाव लहान असलं तरी तिथे आता नगरपंचायत असण्याची शक्यता जास्त.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे अलीकडची घरपट्टीची पावती मागून पाहणं. शेजाऱ्याची चालेल. वर ‘ग्रामपंचायत’ आणि ‘नमुना १०’ छापलं असेल तर ग्रामपंचायत. ‘नगरपंचायत’ असेल तर मालमत्ता क्रमांकाबरोबर प्रभाग क्रमांकही दिसेल.

एक सापळा इथेच. जनगणनेच्या तक्त्यात गाव ‘शहर’ म्हणून दिसलं तर तिथे नगरपंचायत असेलच असं नाही. जनगणना खातं तीन अटींवर एखाद्या गावाला ‘जनगणना शहर’ धरतं: लोकसंख्या किमान ५,०००, ‘मुख्य काम करणाऱ्या’ (वर्षातले किमान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. ही फक्त मोजणीपुरती वर्गवारी. कारभार ग्रामपंचायतीचाच राहतो, कर तिचेच, योजना ग्रामीण. बँकेच्या किंवा विम्याच्या अर्जात ‘शहरी की ग्रामीण’ विचारलं की लोक इथे गडबडतात. त्या अर्जाला कोणती व्याख्या अभिप्रेत आहे ते विचारून मगच खूण करा.

२. लोकसंख्येचा आकडा नीट वाचा

गावात तीन आकडे फिरत असतात. कार्यालयातल्या फलकावरचा, आरोग्य उपकेंद्राच्या सर्वेक्षणातला आणि पुढाऱ्याच्या भाषणातला. सरकारी हिशेबात धरला जातो तो शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचा, म्हणजे २०११ चा. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ वेळ १ मार्च २०२७ ठरली आहे. तिचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत सदस्यसंख्या, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, लोकसंख्येवर मिळणारा निधी, सगळं २०११ वरच. गाव दरम्यान दुप्पट झालं असलं तरी. पाणी योजना अपुरी का पडते याचं निम्मं उत्तर इथेच सापडतं.

आकडा काढायचा असा:

भारताच्या जनगणनेच्या संकेतस्थळावर २०११ चं ‘प्राथमिक जनगणना सार’ उघडा. राज्य, मग जिल्हा, मग तालुका निवडा. एक्सेल फाइल उतरते. प्रत्येक गावासमोर कुटुंबं, एकूण व्यक्ती, शून्य ते सहा वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, मुख्य आणि सीमांतिक काम करणारे असे रकाने असतात, आणि बहुतेकांचे पुन्हा पुरुष-स्त्री असे भाग. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता यांची माहिती वेगळ्या पुस्तकात, ‘जिल्हा जनगणना पुस्तिके’च्या पहिल्या भागात.

चुका कुठे होतात?

जिल्हा सापडत नाही. तक्ते २०११ चे आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्यामुळे जव्हार, मोखाडा, डहाणू ठाण्याखाली शोधा. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावंही तिथे नाहीत, जुनीच आहेत.

एकाच नावाच्या अनेक ओळी. ‘एकूण’, ‘ग्रामीण’ आणि ‘नागरी’ अशा तीन ओळी तालुक्याला असतात. त्यांची बेरीज केली की लोकसंख्या दुप्पट होते. गावाच्या नावापुढे ‘सीटी’ (CT) असेल तर ते वर सांगितलेलं जनगणना शहर. एकाच नावाची तीन गावं एका तालुक्यात असणं तर आपल्याकडे नेहमीचंच. बुद्रुक आणि खुर्द तपासा, आणि सहा आकडी गाव संकेतांक टिपून ठेवा. नाव बदलतं, स्पेलिंग तर दर कागदावर वेगळं असतं. संकेतांकावरून गाव चुकत नाही.

गाव आणि ग्रामपंचायत एकच समजणं. जनगणना महसुली गाव मोजते. ग्रामपंचायत मात्र दोन-तीन महसुली गावांची मिळून गट ग्रामपंचायत असू शकते. वाड्या, तांडे, पाडे बहुधा मूळ महसुली गावातच धरलेले असतात. ग्रामपंचायतीची लोकसंख्या हवी असेल तर तिच्यातल्या सगळ्या महसुली गावांची बेरीज करा. कोणती गावं कोणत्या ग्रामपंचायतीत, हे केंद्राच्या ‘स्थानिक शासन निर्देशिके’त मिळतं आणि तिथे जनगणनेचा संकेतांकही जोडलेला असतो.

मतदारांवरून लोकसंख्या ठरवणं. यादीत फक्त अठरा पूर्ण झालेले असतात, त्यात पुण्या-मुंबईला गेलेले आणि कधीकधी वारलेलेही.

आणखी एक गोष्ट बीड, अहिल्यानगरच्या काही पट्ट्यांत लक्षात ठेवण्यासारखी. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, ऐन ऊसतोडीच्या हंगामात. शिरगणतीच्या पूर्ण काळात जो घरी नव्हता तो जिथे होता तिथे मोजला जातो. तोडीला गेलेली कुटुंबं कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवर (तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर) मोजली गेली असतील, तर त्यांच्या गावाचा आकडा तेवढा उतरलेला असतो.

३. कोण कोणत्या खुर्चीत

ग्रामपंचायतीत सदस्य लोकसंख्येप्रमाणे: १,५०० पर्यंत ७, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११, ६,००० पर्यंत १३, ७,५०० पर्यंत १५, त्यावर १७. नगरपंचायतीला १७ प्रभाग, प्रत्येकी एक नगरसेवक, शिवाय काही स्वीकृत (थेट निवडून न येता घेतलेले). दोन्हीकडे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. सरपंच थेट गावाने निवडायचा की सदस्यांनी, हा नियम २०१७, २०२० आणि २०२२ असा तीनदा फिरला, नगराध्यक्षाचंही तसंच. सध्या दोन्ही थेट निवडून येतात.

पण तुमचा रोजचा संबंध निवडून आलेल्यांशी नाही, सचिवाशी. ग्रामपंचायतीत तो ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी. २०२४ मध्ये या दोन्ही पदांचं ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं, पण गाव अजून ‘भाऊसाहेब’च म्हणतं. त्याच्याकडे बऱ्याचदा दोन गावं असतात, म्हणून कोणत्या वारी तो तुमच्या गावात बसतो ते फलकावर बघून घ्या. त्याच्यावर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, त्यावर जिल्हा परिषद. नगरपंचायतीत मुख्याधिकारी, त्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातली नगर प्रशासन शाखा.

तलाठी यात कुठेच नाही. तो महसूल खात्याचा माणूस (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’). सातबारा, फेरफार, पीक पाहणी त्याच्याकडे. उत्पन्न, जात, अधिवास हे दाखले तहसील आणि प्रांत कार्यालयाचे, अर्ज सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेत. वीज महावितरणकडे. पाणी गावाच्या स्वतःच्या योजनेचं असेल तर ग्रामपंचायतीकडे. प्रादेशिक (अनेक गावांच्या) योजनेचं असेल तर टाकीपर्यंतची जबाबदारी जिल्हा परिषदेची किंवा जीवन प्राधिकरणाची, पुढची गावाची.

रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी सरपंचाला धरण्याआधी कडेचा किलोमीटरचा दगड पाहा. वरची टोपी पिवळी असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवी असेल तर राज्य मार्ग. या दोन्हींत ग्रामपंचायतीचा हात नाही. राज्य मार्गाची तक्रार सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात द्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या गल्ल्या तेवढ्या ग्रामपंचायतीच्या.

४. घर नावावर करणं आणि घरपट्टी

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून सावकाश.

ग्रामपंचायत हद्दीतल्या घराचा कागद म्हणजे नमुना ८, कर आकारणी नोंदवहीचा उतारा. घराचा दलाल तो दाखवून ‘कागद क्लिअर आहेत’ म्हणतो. नमुना ८ हा कर कोणाकडून घ्यायचा याचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही. जागा कोणाची हे वेगळ्या कागदावरून बघायचं. घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा आणि बिगरशेतीचा आदेश. गावठाणात भूमापन झालेलं असेल तर मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं तयार होत आहेत. तुमच्या गावचं झालं असेल तर ते पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

नमुना ८ हातात घेतल्यावर दोन रकाने शेजारी शेजारी दिसतील: ‘मालकाचे नाव’ आणि ‘भोगवटा करणाऱ्याचे नाव’. विकणाऱ्याचं नाव दुसऱ्याच रकान्यात असेल आणि पहिल्यात ‘सरकार’, ‘ग्रामपंचायत’ किंवा तिसऱ्याच कुणाचं नाव असेल, तर तिथेच थांबा. त्याच्या हाती फक्त ताबा आहे.

नाव लावण्यासाठी लागणारे कागद:

- नोंदणीकृत खरेदीखत आणि सूची दोनची (इंडेक्स २) प्रत (वारसाने आलं असेल तर मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची संमती)
- आधीच्या मालकाच्या नावचा चालू नमुना ८
- चालू वर्षापर्यंतची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती किंवा थकबाकी नसल्याचा दाखला
- मालमत्ता पत्रक, किंवा सातबारा व बिगरशेती आदेश
- चतुःसीमांचा नकाशा, आधार, फोटो, साधा अर्ज

अर्ज मासिक सभेच्या आधी द्या, विषयपत्रिका निघाल्यावर दिला की पुढच्या महिन्यावर जातो. हरकतींसाठी नोटीस लागते, मग ठराव, मग नोंद. ठराव झाल्यावर ‘काम झालं’ समजून लोक घरी जातात. नोंद झाली नाही तर पुढच्या वर्षी बिल पुन्हा जुन्या मालकाच्या नावाने येतं. ठराव क्रमांक आणि तारीख टिपून घ्या आणि नव्या नावाचा उतारा हातात पडेपर्यंत पाठ सोडू नका.

घरपट्टी कशी ठरते? ग्रामपंचायतीत २०१५ च्या अखेरीपासून भांडवली मूल्यावर. जागेचं मूल्य रेडीरेकनर (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या) दराने, बांधकामाचं मूल्य बांधकाम दराने, त्यातून वयाप्रमाणे घसारा, आणि वापराप्रमाणे भारांक (गुणक). निवासी वापराला कमी, व्यापारीला जास्त. आलेल्या भांडवली मूल्यावर दर हजारी काही पैसे असा कर. त्यात दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी वेगळं. बिल जास्त वाटलं तर गणित करण्याआधी उताऱ्यावरच्या तीन गोष्टी तपासा. बांधकामाचं वर्ष: ते रिकामं किंवा अलीकडचं टाकलं असेल तर घसारा कमी मिळतो आणि जुन्या मातीच्या घरालाही नव्याची पट्टी लागते. बांधकामाचा प्रकार: दगड-मातीची भिंत आणि आरसीसी यांचे दर वेगळे. वापर: आधीच्या मालकाचं पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल तर ती खोली अजून व्यापारीच लागलेली असते. बहुतेक तक्रारी या तिन्हींपैकी एकात मिटतात. तिथे मिटलं नाही तर पंचायत समितीकडे अपील.

वर्ष एप्रिल ते मार्च. पट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर ५ टक्के सूट, वर्ष उलटलं तर ५ टक्के जादा. पावती नमुना १० चीच घ्या. साध्या कागदावर सही-शिक्का मारून दिलेली रक्कम नोंदवहीत येईलच याची हमी नाही.

नगरपंचायतीत पद्धत वेगळी. आकारणी दर चार वर्षांनी, आणि आकारणी यादी प्रसिद्ध झाली की हरकतीला किमान ३० दिवस मिळतात. ही मुदत चुकली की पुढची चार वर्षं तेच बिल. थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. ग्रामपंचायतीच्या सवयीने ‘भरू की मार्चला’ म्हणणाऱ्यांना ही शास्ती चांगलीच झोंबते.

गावाची नगरपंचायत नुकतीच झाली असेल किंवा होऊ घातली असेल तर एक काम आजच करा: जुना नमुना ८ आणि मागच्या काही वर्षांच्या पावत्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. ग्रामपंचायत विसर्जित होते, निवडणूक होईपर्यंत प्रशासक बसतो, दप्तर हलतं, मालमत्तांना नवे क्रमांक पडतात. या हलवाहलवीत नोंदी गहाळ होतात, आणि त्या शोधून देण्याचं ओझं शेवटी घरमालकावरच येतं. त्याच बदलात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीतलं तुमचं मत जातं, आणि ग्रामीण घरकुल व रोजगार हमीऐवजी शहरी योजनांचे निकष लागतात. अर्ज अर्धवट असेल तर तो कोणत्या योजनेखाली पुढे जाणार ते लेखी विचारा.

बांधकाम करायचं असेल तर ग्रामीण भागात १,६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर परवानगीची गरज नाही, पण मालकीचे कागद आणि नियमाप्रमाणे केलेला, वास्तुविशारदाचा किंवा अभियंत्याचा नकाशा ग्रामपंचायतीला द्यावा लागतो. १,६०० ते ३,२०० पर्यंत कागद तपासून, शुल्क भरून घेऊन ग्रामपंचायत संमती देते. त्यापुढे नगररचना विभाग. ‘परवानगी लागत नाही’ याचा अर्थ ‘सामासिक अंतर (भूखंडाच्या कडांना मोकळी ठेवायची जागा) सोडायचं नाही’ असा लावणारे पुष्कळ आहेत, आणि शेजाऱ्याची तक्रार गेली की पाडकामाची नोटीस त्यांनाच येते.

५. जन्म, मृत्यू, विवाह

नोंद घटना जिथे घडली तिथेच होते, तुम्ही राहता तिथे नाही. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं तर दाखला त्या गावच्या नगरपंचायतीतून. आपल्या गावात शोधून मिळणार नाही.

२१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून. वर्षापर्यंत वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणजे तहसील-प्रांताच्या फेऱ्या. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवू नका. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. आई-वडिलांची नावं आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळतात का, ते दवाखान्यातला अर्ज भरतानाच पाहा. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ पुढे पासपोर्टच्या वेळी त्रास देतात.

विवाह नोंदणीला वर-वधू, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका किंवा प्रतिज्ञापत्र, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो. गावात निबंधक ग्रामसेवकच. ९० दिवस उलटले की दंड, पण नोंद होते.

६. मतदार यादी

नवं नाव नमुना ६ ने, पत्ता बदल नमुना ८ ने (घरपट्टीच्या नमुना ८ शी याचा काही संबंध नाही). ग्रामपंचायत-नगरपंचायतीची यादी वेगळी बनत नाही. विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडली जाते. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत घेऊन फक्त चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव हलवता येतं, विधानसभेच्या यादीत असूनही सुटलेलं नाव घालता येतं किंवा लेखनाची चूक सुधारते. विधानसभेच्या यादीत नावच नसेल तर तेव्हा काहीही करता येत नाही. निवडणुकीची चाहूल लागायच्या आधी अर्ज करा.

७. गावाचा पैसा आणि ग्रामसभा

कोणत्या कामाला किती पैसे आले हे सरपंचाच्या घरी जाऊन विचारावं लागत नाही. ‘ई-ग्रामस्वराज’ संकेतस्थळावर राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडलं की मंजूर आराखडा, कामनिहाय रक्कम आणि झालेला खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२५-२६ पर्यंत) पंचायतींच्या निधीतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, उरलेले ४० टक्के इतर कामांना. ‘रस्त्याला पैसे नाहीत’ हे उत्तर म्हणूनच काही वेळा खरंही असतं. गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हिशेब पाहायचा तर नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, ३ म्हणजे जमाखर्च विवरण, ४ म्हणजे मत्ता व दायित्वं. अर्जात ‘सर्व हिशेब द्या’ असं मोघम लिहिलं की मोघमच उत्तर येतं. नमुन्याचा क्रमांक आणि वर्ष लिहा.

प्रश्न विचारायची जागा ग्रामसभा. वर्षात किमान चार. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आगेमागे. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सदस्य. नाव अजून जुन्या गावीच असेल तर बसता येईल, ठरावात मत नाही. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी ते.

आता गंमत बघा. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं सकाळी दहाला जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. दुसऱ्या दिवशी पंचवीस जण बसतात आणि विषयपत्रिकेवरचं सगळं मंजूर होतं. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारून ठेवा, खरी सभा तीच. आपला विषय आधी लेखी देऊन पोहोच घ्या. ऐन वेळी उठून बोललेलं इतिवृत्तात येत नाही. बोलताना एकच मागणी, जागेसकट: ‘गटार करा’ नव्हे, तर ‘अमुक घरापासून ओढ्यापर्यंत, अंदाजे इतके मीटर’. सभा संपल्यावर ठराव वाचून दाखवायला सांगा. हजेरी रजिस्टरवर सही सभेला जाताना करा, पण विषय न लिहिलेल्या कोऱ्या पानावर नको.

नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. तिथे प्रभागाचा नगरसेवक, सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आणि नंतर इतिवृत्ताची प्रत, एवढाच मार्ग. सातशे-हजार मतदारांमागे एक नगरसेवक असल्याने त्याला गाठणं मात्र सोपं जातं.

८. काम अडलं तर

तोंडी मागणी ही मागणी नसते. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोहोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

जन्म-मृत्यू-विवाह दाखले, नमुना ८ चा उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला अशा अधिसूचित सेवा राज्याच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर मागता येतात, ग्रामपंचायतीतल्या सेवा केंद्राचा चालकही अर्ज भरून देतो. ‘महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट’ ॲपवरही यातलं काही मिळतं. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मुळे प्रत्येक सेवेला मुदत आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. त्यामुळे अर्ज पोर्टलवरून करणं सोयीचं, तारीख आपोआप नोंदवली जाते.

कागद दाबून ठेवला असेल तर माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. हे महाराष्ट्राचे नियम आहेत आणि त्यावर बोट ठेवून अर्ज परत पाठवतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीतल्या अधिकाऱ्याकडे. दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे, आणि त्या अर्जाला मूळ अर्ज, पोहोच आणि पहिल्या अपिलाची प्रत जोडावी लागते. तुमचा जिल्हा कोणत्या खंडपीठाखाली येतो ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून मगच पाकिटावर पत्ता घाला.